तुलाच कसा गं त्रास होतो?

दुपारचे साडेतीन-चार वाजले की आमच्या फ्लोअरवर एकेक जण डोळे चोळायला लागतो. कुणी घसा खाकरतं, कुणी ड्रॉवरमधून बामची डबी काढतं, कुणी चहाच्या निमित्ताने लिफ्टने खाली जाऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहून येतं. मी गेली अकरा वर्षं ऐरोलीत बॅक ऑफिसचं काम करते, ठाण्याहून, कोपरीतून, रोज ट्रान्सहार्बर लोकलने जाते, आणि हे सगळं इतकी वर्षं बघत आलेय की हा कामाचाच भाग आहे असं मलाही वाटायचं. कॉम्प्युटरवर बसलं की डोकं दुखणारच, असं आपण धरूनच चालतो ना. मग अडीच वर्षांपूर्वी आम्हाला नव्या मजल्यावर हलवलं आणि माझं प्रकरण डोळे चोळण्याच्या पुढे गेलं. गालावर आणि मानेवर पुरळ, नाकातून सतत पाणी, आणि चार वाजता डोकं असं जड व्हायचं की एक्सेलची तीच ओळ तीनदा वाचायची तरी आत शिरायची नाही. तक्रार केली तर पहिला प्रश्न आला, तुलाच कसा गं त्रास होतो? बाकी ऐंशी माणसं बसतातच ना इथे.

त्या प्रश्नाने मला पुरळापेक्षा जास्त त्रास दिला. कारण त्याचा अर्थ असा की तू नाजूक आहेस, किंवा मग नाटक करतेयस. आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांना, हे ऐकल्यावर गप्प बसायची सवय असते. मला आता ठामपणे वाटतं की हा प्रश्न माणसाला विचारायचाच नसतो, तो खोलीला विचारायचा असतो आणि त्याचं उत्तर आकड्यात मिळतं, आणि ते आकडे घेणं ऑफिस चालवणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक करायला पाहिजे.

आमचे कोपरीतले फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. औषध लिहायच्या आधी त्यांनी विचारलं, रविवारी होतं का? नाही होत. गावी गेलात तेव्हा? गणपतीत पाच दिवस चिपळूणला होते, तिसऱ्या दिवशी पुरळ बसलं होतं. मग ते म्हणाले, ताई, आजार तुमच्यात कमी आणि तुमच्या ऑफिसात जास्त दिसतोय. हे काही त्यांनी शोधून काढलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने १९८४ मधेच लिहून ठेवलंय की नव्या बांधलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतात. डोळे चुरचुरणं, घसा कोरडा पडणं, डोकेदुखी, थकवा, आणि इमारतीच्या बाहेर पडलं की बरं वाटणं. त्याला सिक बिल्डिंग सिंड्रोम म्हणतात. आजारी इमारत. नावातच सांगितलंय आजारी कोण आहे ते.

आता कॉम्प्युटरमधून असं काय बाहेर पडतं ते बघू, कारण यात दोन टोकं आहेत, एक म्हणजे काहीच पडत नाही असं म्हणणारे आणि दुसरे स्क्रीनमधून रेडिएशन येतं म्हणून घाबरवणारे. खरं काय ते बरंच साधं आहे. कॉम्प्युटर म्हणजे प्लॅस्टिक, रेझिन, गोंद, वायरींची आवरणं, आणि हे सगळं चालू असताना तापतं. तापलं की त्यातली पटकन उडणारी रसायनं हवेत येतात, नव्या मशीनचा खोका उघडल्यावर जो वास येतो तो त्यांचाच. टोल्युइन, स्टायरीन, फिनॉल, फॉर्मल्डिहाइड, सगळं थोडं थोडं. एकेकट्याचं प्रमाण बघितलं तर घाबरण्यासारखं नसतं, पण एका हॉलमधे ऐंशी मशीन, वर बंद काच, आणि आत बसणारा दिवसाचे नऊ तास तिथेच, असा हिशोब करून बघा.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात ओले फँगर म्हणून प्राध्यापक होते, घरातल्या आणि ऑफिसातल्या हवेच्या अभ्यासात त्यांचं आयुष्य गेलं. एक माणूस नुसता बसून राहिला तरी खोलीतली हवा जितकी शिळी होते त्याचं त्यांनी माप तयार केलं, त्याला ओल्फ म्हणतात. त्यांच्या गटाचा एक प्रयोग २००४ मधे छापून आला. ऑफिससारखी खोली, त्यात ३० बायका पाळीपाळीने कामाला बसवलेल्या, आणि पडद्यामागे कॉम्प्युटर कधी ठेवलेले तर कधी काढून घेतलेले, बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. पडद्यामागे कॉम्प्युटर होते तेव्हा हवेबद्दल नाराज असणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेलं, आणि मजकुराच्या कामाला ९ टक्के जास्त वेळ लागला. हवा बिघडवण्यात एकेक कॉम्प्युटर तीन माणसांहून जास्त भरला. हे जुने पिक्चर ट्यूबवाले मॉनिटर होते हे सांगायला पाहिजे, आताचे सपाट स्क्रीन कमी तापतात आणि त्यांच्यातून बरंच कमी बाहेर येतं, त्यामुळे तोच आकडा आजच्या ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्या प्रयोगातलं मला जे महत्त्वाचं वाटतं ते आजही तसंच आहे. हवा बिघडली तेव्हा अख्ख्या गटाचंच काम सरासरीने मंदावलं. म्हणजे तुलाच कसा त्रास होतो याचं उत्तर, त्रास सगळ्यांना होतोय, मी फक्त बोलले.

पुरळाचं म्हणाल तर त्यालाही जुना इतिहास आहे. मॉनिटरच्या प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात आगरोधक रसायनं घालतात, त्यातलं ट्रायफेनिल फॉस्फेट हे मॉनिटर तापल्यावर हवेत येतं असं स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं, आणि काही जणांना त्याची त्वचेची ॲलर्जी होते हे तेव्हा आधीच माहीत होतं. ब्रोमीनवाल्या आगरोधकांपैकी पीबीबी आणि पीबीडीई हे दोन गट युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत जवळपास बंदच केले, आपल्याकडे २०१२ मधे लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत त्यांच्यावर मर्यादा आली. ही हवेपेक्षा धुळीत जास्त सापडतात, धूळ जमिनीवर बसते, आणि जमिनीवर रांगणारी लहान मुलं हात तोंडात घालतात. मार्च २०२० नंतर किती घरांत ऑफिसचा कॉम्प्युटर बेडरूममधे आला हे आठवा, आमच्या बिल्डिंगमधे वन बीएचकेत दोन दोन मशीन चालत होती आणि खाली बाळ खेळत होतं. तिथे सोपा उपाय आहे, कोरड्या झाडूने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, मशीनच्या मागची सुद्धा, आणि सेकंडहँड जुना डब्बा मुलांच्या खोलीत ठेवायचा नाही.

पण माझ्या मजल्याचा विचार केला तर कॉम्प्युटर एकटा गुन्हेगार नव्हता. फर्निचर नवं होतं. रात्रंदिवस काम करून वीस दिवसांत इंटिरियर उठवलेलं, शुक्रवारी सुतार बाहेर पडले आणि सोमवारी आम्ही आत. प्लाय आणि एमडीएफ चिकटवायला जे युरिया फॉर्मल्डिहाइडचं रेझिन वापरतात त्यातून फॉर्मल्डिहाइड महिनोन्महिने सुटत राहतं, उकाड्यात आणि दमट हवेत जास्त, आणि ठाणे खाडीच्या काठावर दमट हवेची काय कमी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ मधेच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्यावर कार्पेट टाइलचा गोंद, सनमायकाचा सोल्युशन, वासावर वास म्हणून मारलेला रूम फ्रेशनर, आणि पावसाळ्यात एसीच्या डक्टमधली बुरशी. कॉम्प्युटर या सगळ्यात आणखी ऊब आणि आणखी रसायन घालतो, आणि मुख्य म्हणजे माणसाला एका जागी नऊ तास खिळवून ठेवतो. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो, एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतात त्या स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच मिटतात, मग उघड्या कोरड्या डोळ्यावर ही हवा. चुरचुरणार नाही तर काय.

माझी जागा प्रिंटरच्या शेजारी होती, म्हणून प्रिंटरबद्दल जरा जास्त वाचलं. लेझर प्रिंटरमधे टोनरची पूड असते, म्हणजे बारीक प्लॅस्टिकमधे काजळी, आणि ती कागदावर बसवायला आतला रोलर साधारण १८०-२०० अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत जी वाफ निघते ती थंड झाल्यावर अतिशय सूक्ष्म कण बनतात, ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या ज्या धुळीची, पीएम २.५ ची, आपण बातम्यांत चर्चा करतो त्याच्या पंचविसाव्या भागाहून बारीक. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला लिडिया मोराव्स्का नावाच्या शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या गटाने २००७ मधे ऑफिसांतले ६२ प्रिंटर तपासले, त्यातले १७ भरपूर कण सोडणारे निघाले. आणि कामाच्या वेळेत तिथल्या हवेतल्या कणांची संख्या पाचपट झालेली सापडली. याच मोराव्स्काबाईंनी जुलै २०२० मधे २३९ शास्त्रज्ञांना सोबत घेऊन कोरोना हवेतून पसरतो हे मान्य करा म्हणून जाहीर पत्र लिहिलं होतं. तेव्हा सगळ्या जगाला काही महिने बंद खोलीतली हवा आठवली होती, आमच्या ऑफिसातही दारं उघडी ठेवा असा मेल आला होता, मग साथ ओसरली आणि दारं बंद झाली.

प्रिंटर म्हटलं की मला ठाण्यातल्या कोर्टनाक्याचा एक झेरॉक्सवाला आठवतो. कलेक्टर ऑफिसच्या आसपास अशी दुकानं ढिगाने आहेत, हा जिन्याखालचा गाळा, आठ बाय सहा असेल, दोन मोठी मशीन आणि एक लेझर प्रिंटर, खिडकी नाही, एक्झॉस्ट नाही, पंखा आहे पण तो आतलीच हवा फिरवतो. वारसाच्या कागदांच्या प्रती काढायला गेले होते. मुलगा शहापूरकडचा, वीस-बावीसचा, सकाळी नऊ ते रात्री आठ तिथेच उभा. माझ्यासमोरच टोनर संपला, त्याने वर्तमानपत्र पसरलं, कार्ट्रिज उघडली, नाकाला काही न बांधता पूड ओतली आणि कडेला दोन टपल्या मारून ती आत बसवली. पेपरच्या घडीतून काळा धूर उठल्यासारखं झालं आणि खाली बसलं, त्याच्या भुवयांवर, नखांत, माझ्या पांढऱ्या फायलीवर. मी म्हटलं, अरे मास्क तरी लाव. तो म्हणाला, ताई, सवय झालीय, घरी रुमाल धुतला की पाणी काळं निघतं एवढंच. त्याला कुणी विचारणार नाही तुलाच कसा त्रास होतो म्हणून, कारण तो तक्रारच करणार नाही, तक्रार केली तर उद्या दुसरा मुलगा उभा राहील. ऑफिसातल्या हाउसकीपिंगच्या बायकांचं तेच. आम्ही नऊ तास बसतो, त्या फिनेल, काचेचा स्प्रे आणि धूळ घेऊन बारा तास असतात. म्हणून ज्याला बोलता येतं त्याने बोललं पाहिजे, आणि बोलणाऱ्याची टर उडवली की गप्प बसलेल्या दहा जणांचाही आवाज बंद होतो.

आता नाजूक मुद्दा. आमच्याच फ्लोअरवर एक मुलगी आहे, तिला वायफायच्या राउटरजवळ बसलं की अंगाला मुंग्या येतात आणि डोकं दुखतं. तिला मी खोटं ठरवणार नाही, तिचा त्रास मी डोळ्यांनी बघितलाय. पण शास्त्र काय सांगतं तेही लपवणार नाही. विद्युतचुंबकीय लहरींचा त्रास होतो असं सांगणाऱ्या ७२५ लोकांवर झालेल्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ मधे आला, लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना कळू न देता केलेले प्रयोग, आणि चालू-बंद ओळखता येतं किंवा चालू असतानाच त्रास वाढतो असं ठामपणे दिसलं नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की लक्षणं खरी आहेत, माणसाला पार अडवून टाकणारी असू शकतात, पण त्यांचा लहरींशी संबंध जोडायला आधार नाही, आणि अशा माणसाची तब्येत, मानसिक ताण आणि त्याच्या कामाच्या जागेची हवा, उजेड, आवाज हे सगळं तपासावं. हे शेवटचं वाक्य लोक वाचतच नाहीत. निम्मे लोक म्हणतात झालं, मनाचे खेळ आहेत, आणि उरलेले निम्मे मोबाइलला चिकटवायची रेडिएशनविरोधी चिप विकत घेतात. चिप घेऊ नका, पैसे पाण्यात. तिच्या जागेची हवा तपासा.

आणि तक्रारीचं कारण चुकलं तरी तक्रार वाया जात नाही, याचं मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. जुन्या मॉनिटरच्या चौकटीवर टीसीओ ९९ असा छोटा स्टिकर असायचा आठवतोय? सायबर कॅफेत तासनतास तो समोर असायचा. टीसीओ म्हणजे स्वीडनमधला ऑफिस कर्मचाऱ्यांच्या युनियनचा महासंघ. ऐंशीच्या दशकात तिकडे स्क्रीनसमोर बसणारे लोक पुरळ, डोळे, डोकेदुखी अशा तक्रारी करत होते, त्यांनाही ऐकून घ्यावं लागलंच असेल. पण युनियनने माणसं मोजायच्या ऐवजी मॉनिटर मोजायला घेतले, १९९२ मधे स्वतःचं लेबल काढलं, स्क्रीनभोवती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं किती असावीत, वीज किती खावी, आणि १९९५ च्या लेबलात घातक आगरोधकांपर्यंत अटी गेल्या. ज्याच्यावर लेबल नाही तो मॉनिटर घेऊ नका असं मालकांना सांगितलं, आणि जगभरच्या कंपन्यांनी निमूट अटी पाळल्या. लहरींबद्दलची त्यांची भीती पुढे सिद्ध झाली नाही, तरी त्या भांडणातून आलेले स्क्रीन आधीच्यापेक्षा चांगले होते आणि ते ठाण्यातल्या पोरांनाही मिळाले. एका देशाच्या क्लार्क लोकांनी हे केलं. आपल्याकडे ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट मिळून किती लोक स्क्रीनसमोर बसतात, आणि आपण बामच्या डब्या घेतो.

माझ्या भाच्याने इंजिनियरिंगच्या प्रोजेक्टसाठी कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर घेतलं होतं, ते मी चार दिवस पर्समधे घालून ऑफिसला नेलं. घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सरचं, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने हाच वायू थेट मोजणारं घ्या, स्वस्तातली बरीच यंत्रं दुसऱ्याच वायूवरून अंदाज करून आकडा दाखवतात. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात ४० हजारांच्या आसपास. म्हणजे खोलीतला आकडा जितका वर, तितकी आपण दुसऱ्याने सोडलेली हवा परत ओढतोय. या पातळीला तो वायू विषारी असतो असं नाही, पण तो खूण आहे, तो साचतोय म्हणजे प्लायचा, प्रिंटरचा, कॉम्प्युटरचा जो काही माल हवेत आहे तो पण साचतोय. सकाळी साडेनऊला आमच्या टेबलावर ६४० होता. बाराला १४५०. चार वाजता २१००. हिशोब केला तर साधारण २४ श्वासांतला एक श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला. मी मीटर घेऊन खाली गेले, गेटजवळ पाच मिनिटांत तो ४५० वर आला, आणि माझं डोकंही.

मग मी एसी प्लांटच्या खोलीत गेले. ती खोली आमच्याच मजल्यावर आहे, लिफ्टच्या मागे, मी अडीच वर्षांत पहिल्यांदा बघितली. ऑपरेटर काका पन्नाशीचे, त्यांनी आनंदाने दाखवली, बहुतेक कुणी विचारतच नसावं. मोठा पत्र्याचा पेटारा, त्यात हॉलमधली हवा परत येते, गाळणीतून जाते, थंड होते आणि पुन्हा हॉलमधे. बाहेरच्या भिंतीला एक जाळी आहे, तिथून ताजी हवा यायची असते, आणि त्यावर पट्ट्यांची झडप, डँपर म्हणतात, तिचा दांडा बाइंडिंगच्या तारेने आवळून बांधलेला. तारेला गंज चढलेला, पट्ट्यांवर बोटभर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. काका म्हणाले, मॅडम, मी आलो तेव्हापासून बंदच आहे, बाहेरची हवा घेतली की थंड करायला लोड येतो, बिल वाढतं, तसं वरून सांगितलेलं आहे. म्हणजे ऐंशी माणसांच्या डोकेदुखीचं कारण एक वीतभर तार होती. आणि ती तार कुणी मुद्दाम क्रूरपणे बांधलेली नाही, कुणीतरी कधीतरी वीजबिल वाचवायला बांधली, आणि हवा मोजणारं कुणी नव्हतं.

बिलाचा मुद्दा खोटा नाही हे मी मानते. आपली हवा गरम आणि ओली, ती आत घेऊन थंड आणि कोरडी करायला वीज लागतेच. पण बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणारी हवा गार करून घेणारी यंत्रणा मिळते, आणि माणसाचं काम मंदावतं त्याचाही खर्च कुठेतरी मांडा की. वीजबिल दर महिन्याला कागदावर येतं आणि डोकेदुखी येत नाही, एवढाच फरक.

मग लोक म्हणतात, खिडक्या उघडा ना. कुठल्या खिडक्या? आमच्या बिल्डिंगला बाहेरून पूर्ण काच आहे आणि एकही पल्ला उघडत नाही. आणि उघडला असता तरी एका बाजूला टीटीसी औद्योगिक वसाहतीचा केमिकल पट्टा, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक. थंडीत रात्री कोपरखैरणे, वाशीला जो वास येतो त्याबद्दल लोक वर्षानुवर्षं ओरडतायत. घोडबंदरला राहणाऱ्याला बांधकामाची धूळ सांगायला नको. म्हणून ताजी हवा हवी ती चांगल्या फिल्टरमधून आणलेली. घरी किंवा छोट्या ऑफिसात तर स्प्लिट एसी असतो, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच फिरवतो. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, पण कार्बन डायऑक्साइड काढत नाही. कुंड्या ठेवून हवा शुद्ध होते हे तर १९८९ च्या नासाच्या एका बंद डब्यातल्या प्रयोगावरून पसरलंय, २०१९ मधे संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा खऱ्या खोलीत फरक पडायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. कुंड्या जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं, पण त्या दाखवून झडप बंद ठेवू नका.

आणि इथे सरकारचा संबंध येतो. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडे २००९ ची राष्ट्रीय मानकं आहेत, १२ प्रदूषकांची. आतल्या हवेसाठी कायद्याने बांधणारी अशी यादीच नाही, आणि आपण दिवसातले बहुतेक तास आतच असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात वायुवीजनाचं कलम होतं, दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा पाहिजे असा आकडासुद्धा होता. कारण तेव्हा धूर दिसायचा, गिरण्या होत्या. ऑफिसात धूर दिसत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात मालकाने स्वच्छता, उजेड, हवा यांची काळजी घ्यावी असं आहे, पण हवा किती म्हणजे पुरेशी हे मोजून दाखव असं कुणी म्हणत नाही. जपानमधे १९७० पासून कायदा आहे, ३००० चौरस मीटरच्या वरच्या ऑफिस इमारतींत दर दोन महिन्यांनी हवा मोजायची आणि कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या आत ठेवायचा. १९७० म्हणजे ज्या वर्षी नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली ते वर्ष. नवी मुंबईची पहिली वीट लागायच्या आधी त्यांनी हे लिहून ठेवलं होतं, आपण त्यानंतर अख्खं शहर बांधलं, काचेच्या इमारतींची रांग लावली, आणि हवेचा आकडा अजून कुठेच नाही.

मला फार मोठं काही नकोय. लिफ्टमधे जसा लायसन्सचा कागद लावलेला असतो तसं प्रत्येक बंद एसी ऑफिसात, हजेरीच्या मशीनशेजारी, हवेचं मीटर भिंतीवर पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. आकडा सतत १००० च्या वर असेल तर पालिकेकडे किंवा कामगार खात्याकडे तक्रार करता आली पाहिजे आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहिलं पाहिजे. नवं इंटिरियर झालं की निदान दोन आठवडे झडपा पूर्ण उघडून एसी चालवायचा, मगच माणसं बसवायची. मोठे प्रिंटर कुणाच्या खुर्चीशेजारी नाहीत, वेगळ्या कोपऱ्यात, बाहेर फेकणाऱ्या एक्झॉस्टसकट. झेरॉक्सच्या गाळ्याला परवाना देताना भिंतीत एक्झॉस्ट फॅन आहे का एवढं जरी बघितलं तरी कोर्टनाक्याच्या त्या मुलाचा रुमाल जरा कमी काळा होईल. यातल्या कशालाही परदेशातून तंत्रज्ञान आणायला लागत नाही.

आमच्याकडे मी मीटरचे चार दिवसांचे फोटो काढून मेल केला, सोबत अठरा जणांनी नावं घातली, त्यात ज्यांनी मला तो प्रश्न विचारला होता ते पण होते. महिन्याभराने तार कापली. झडप आता अर्धी उघडी असते, फिल्टर नवा घातलाय, प्रिंटर पॅन्ट्रीच्या पलीकडे गेला. गेल्या आठवड्यात चार वाजता ९८० होता. माझं पुरळ बहुतेक गेलंय, डोळे अजून कधीकधी चुरचुरतात. शेजारच्या विंगमधे दुसरी कंपनी बसते, त्यांची एसीची खोली वेगळी आहे, काकांनीच सांगितलं, तिथली तार अजून तशीच आहे.